ब्लड बोल : पटावरून पडद्यावर

इंग्लंडात १९८२ च्या अखेरीस चॅनेल फोर ही नवी दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि तिच्याद्वारे अमेरिकन फुटबॉल हा तोवर परका वाटणारा खेळ इंग्रज घराघरांतून दिसू लागला, तेव्हा शिरस्त्राणे व खांदेकवचे चढवून एकमेकांवर आदळणाऱ्या त्या धिप्पाड गड्यांविषयी जे कुतूहल त्या देशात उत्पन्न झाले, त्याच हवेत काही वर्षांनी, १९८६ साली, गेम्स वर्कशॉप या कंपनीने ‘ब्लड बोल’ नावाचा एक पटावरचा खेळ बाजारात आणला. त्याचा कर्ता जर्व्हिस जॉन्सन. ज्या वॉरहॅमर नामक कल्पित जगात ऑर्क, एल्फ, ड्वार्फ आणि स्केव्हन नावाचे मूषकमानव परस्परांचा संहार करीत होते, त्याच जगात त्यांनी युद्धाऐवजी चेंडूचा खेळ खेळावा, आणि तो खेळ युद्धापेक्षा फारसा सौम्य नसावा, ही त्यामागची कल्पना. तिला एक दंतकथाही जोडली गेली: रणभूमीवर सापडलेल्या एका प्राचीन मंदिरातील पवित्र ग्रंथ रोझ-एल नावाच्या ड्वार्फाने वाचला आणि नफल या देवतेचा क्रीडाधर्म जगाला दिला. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगची अक्षरे सलग उच्चारली म्हणजे नफल हे नाव ऐकू येते, आणि रोझ-एल या नावामागे त्याच लीगचे तत्कालीन आयुक्त पीट रोझेल उभे दिसतात.

या खेळाची संगणकावरील रूपे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय आहे. परंतु पट समजल्यावाचून पडदा समजणार नाही, आणि पडद्यावर काय हरवले हे तर मुळीच समजणार नाही. संगणकाने या खेळाची सर्व कारकुनी स्वतःकडे घेतली, हे त्याचे उपकार मोठे आहेत. पण पटाभोवती बसणारी माणसे त्या कारकुनीबरोबर आणखी काही कामे, कोणी न सांगता, बिनबोभाट करीत होती. ती कामे पुढे कोणी करावयाची, हा प्रश्न तीस वर्षांतील प्रत्येक आवृत्तीपुढे उभा राहिला, आणि माझ्या मते या सर्व आवृत्त्यांचे बरेवाईट त्याच प्रश्नाच्या कसोटीवर ठरते.

पहिल्या आवृत्तीत गडी पुठ्ठ्याचे होते. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत थर्मोकोलचे मैदान आणि घडीव मूर्ती आल्या. परंतु आज जो खेळ आपण ओळखतो तो १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीने घडविला. सव्वीस घरे लांब व पंधरा घरे रुंद असे मैदान. प्रत्येक बाजूस अकरा गडी. दोन अर्धे, आणि प्रत्येक अर्ध्यात प्रत्येक पक्षास आठ पाळ्या. पाळी आली म्हणजे आपल्या सर्व गड्यांस हलविण्याचा अधिकार मिळतो, परंतु एका अटीवर, आणि ती अटच या खेळाचा प्राण आहे: हलविताना कोणताही आपला गडी कोसळला, अथवा हातातला चेंडू निसटला, की पाळी तेथल्या तेथे संपते, आणि ज्यांची चाल राहिली ते सर्व आहे त्या जागी, आहे त्या धोक्यात, प्रतिपक्षाच्या हवाली होतात. याला खेळणारे टर्नओव्हर म्हणतात.

या एका नियमातून केवढे शास्त्र उभे राहते ते पाहण्यासारखे आहे. एका गड्याने दुसऱ्यावर चाल करून जावयाचे झाल्यास खास चिन्हांचे फासे टाकावे लागतात. फाशाच्या सहा बाजूंपैकी एकीवर कवटी असते, म्हणजे मारणाराच पडतो. दुसरीवर दोघेही पडतात. दोहोंवर प्रतिपक्षी केवळ मागे ढकलला जातो. एकीवर तो पडतो, मात्र निसटण्याचे कौशल्य असल्यास सावरतो. आणि एकीवर तो निखालस कोसळतो. आपले बळ अधिक असेल तर दोन फासे टाकून त्यांतला हवा तो निवडता येतो. ज्याच्यापाशी ब्लॉक हे कौशल्य आहे त्याला केवळ दोन्ही फाशांवर कवटी आली तरच अपाय होतो, म्हणजे छत्तिसांत एकदा. ज्याच्यापाशी ते नाही त्याला नवांत एकदा. आता जमिनीवरचा चेंडू उचलणे साधारण गड्यास तिनांत दोनदा साधते, आणि शत्रूच्या अंगाजवळून निसटून मोकळ्या घरात जाणेही तिनांत दोनदाच. तेव्हा ही दोन कामे एकापुढे एक करावयाची म्हटली तर यशाची शक्यता नवांत चार एवढीच उरते. म्हणून निष्णात खेळाडू आधी ज्यात फासा टाकावाच लागत नाही अशी कामे उरकतो, मग कमी धोक्याची, आणि सर्वांत शेवटी, संघाच्या वाट्यास आलेल्या मोजक्या रीरोलपैकी, म्हणजे फासा पुन्हा टाकण्याच्या संधींपैकी, एखादा हाताशी राखून, तो दैवाला साकडे घालतो. बुद्धिबळात चालीचा क्रम सोंगट्यांच्या स्थितीतून ठरतो. येथे तो भयाच्या मोजमापातून ठरतो.

आपल्या परंपरेत फासा आणि सर्वनाश यांचे नाते सांगावयास नको, परंतु द्यूतात फासा हाच सर्वस्व असतो. ब्लड बोलमध्ये फासा किती वेळा टाकावा लागेल, आणि कोणत्या क्षणी, हे ठरविण्यात खेळाडूचे कौशल्य आहे. फासे वाईट पडल्याची तक्रार नवशिका करतो. तो फासा मुळात टाकावाच का लागला, असे जुना खेळाडू स्वतःस विचारतो.

आता हिंसेविषयी. कोसळलेल्या गड्याचे कवच भेदले गेले काय हे दोन फाशांच्या बेरजेवरून ठरते, आणि भेदले गेल्यास पुन्हा दोन फासे टाकून तो नुसता सुन्न झाला, शुद्ध हरपून बाहेर गेला, की कायमचा जायबंदी झाला अथवा मेला, याचा निवाडा होतो. मेलेला गडी परत येत नाही. हे सारे एका सामन्यापुरते असते तर त्यात फारसे नावीन्य नव्हते. परंतु ब्लड बोल हा लीगचा खेळ आहे, म्हणजे तोच संघ, तेच गडी, सामन्यामागून सामना खेळत जातात, आणि त्यांच्या कर्तबगारीची नोंद एका खातेवहीत होत राहते. दीर्घकाळ चाललेल्या नियमांनुसार टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिपक्षाच्या टोकापर्यंत नेण्याचे, तीन गुण, प्रतिपक्षी जायबंदी केल्याचे दोन, यशस्वी पासचा एक, आणि सामन्याच्या मानकऱ्यास पाच. या गुणांतून नवी कौशल्ये मिळतात. खजिन्यात सामन्याचे उत्पन्न जमा होते, आणि त्यातून मेलेल्यांच्या जागी नवे गडी घ्यावे लागतात. दहा सामने जपलेला, निसटण्यात, धावण्यात, चेंडू हिसकावण्यात तरबेज झालेला एखादा स्केव्हन धावपटू एका दुर्दैवी फाशात खातेवहीतून पुसला जातो, तेव्हा जे वाटते ते मी अनेकदा अनुभवले आहे, आणि ते खोटे नसते. हिंसेला येथे किंमत आहे. ती मारणाऱ्याच्या जमेस व मरणाऱ्याच्या नावे मांडली जाते.

या दृष्टीने शेजारच्या खेळांशी तुलना केली म्हणजे फरक ध्यानात येतो. बिटमॅप ब्रदर्स या मंडळींचा ‘स्पीडबॉल २’ हा १९९० चा खेळ पोलादी भिंतींच्या रिंगणात, क्षणाक्षणाला बोटांची चपळाई मागणारा, आणि आपल्या जातीत अत्यंत घडीव; १९९३ चा ‘म्युटंट लीग फुटबॉल’ सांगाडे व राक्षस यांना फुटबॉल खेळवितो, मैदानात सुरुंग पेरतो, पंचाला लाच देऊ देतो. दोहोंत हिंसा आहे आणि दोन्ही आपापल्या परीने उत्तम आहेत. परंतु त्यांतील मृत्यूने रात्री झोप उडत नाही.

संगणकावर ब्लड बोल प्रथम आला तो १९९५ साली, मायक्रोलीग या कंपनीकडून, एमएस-डॉससाठी. त्याविषयी विस्तार करण्याचे कारण नाही. तो आला आणि विस्मृतीत गेला. त्याच सुमारास मूळ कंपनीचेही पटाकडे लक्ष उणावले, आणि पुढील बरीच वर्षे हा खेळ जगला तो खेळणाऱ्यांच्या निष्ठेवर. स्वतः जॉन्सन आणि काही निःस्पृह जाणकार यांची एक नियमसमिती होती. ती वेळोवेळी नियमांचा मसुदा तपासून, दुरुस्त करून, ‘जिवंत नियमपुस्तक’ या नावाने सर्वांस विनामूल्य उपलब्ध करून देई. नाफ या खेळाडूंच्या संघटनेने देशोदेशी स्पर्धा भरविल्या आणि २००७ साली नॉटिंगहॅम येथे पहिला विश्वचषक झाला. याच काळात फुंबल या आंतरजालावरील लीगमध्ये हौशी मंडळींनी रचलेल्या साध्या, सपाट, चित्रांचा डामडौल नसलेल्या प्रणालीवर असंख्य सामने खेळले गेले, आणि आजही खेळले जातात. ज्याला मालकाने वाऱ्यावर सोडले त्या खेळाची दिवाणगिरी त्याच्या रयतेने इतक्या चोख रीतीने सांभाळावी, याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

संगणकावरील दुसरा अध्याय एका फिर्यादीने सुरू होतो. सायनाइड नावाच्या फ्रेंच मंडळींनी २००४ साली ‘केऑस लीग’ हा खेळ काढला. त्यात पाळ्या नव्हत्या, सर्व गडी एकाच वेळी धावत, परंतु कल्पित जातींचे संघ, रक्तपात, चेंडू, सारे इतके ओळखीचे होते की गेम्स वर्कशॉपने त्यांना न्यायालयात खेचले. प्रकरण तडजोडीने मिटले, आणि त्या तडजोडीचे फळ असे की ज्यांच्यावर नकलेचा आरोप होता त्यांनाच अस्सल खेळ करण्याची सनद मिळाली. २००९ साली सायनाइडचा ‘ब्लड बोल’ प्रसिद्ध झाला. त्यात एक पर्याय पाळीविना खेळण्याचाही होता, जणू जुन्या खेळाचा मोह पुरता सुटला नव्हता; पण ज्यांनी तो खेळ टिकविला ते सर्व पाळीच्या पर्यायाकडेच वळले. पुढील वर्षीच्या लेजेंडरी आवृत्तीत जातींची संख्या वीस झाली, २०१२ च्या केऑस आवृत्तीत तेवीस.

दिसायला तो खेळ ओबडधोबड होता, त्याचे सूचनाफलक किचकट होते, आणि संगणक स्वतः प्रतिपक्षी म्हणून बसला की फार कच्चा खेळे. तरी त्याने जे केले ते अपूर्व होते. पटावर एका सामन्यास दोन-तीन तास लागत, नियमांचा अर्थ लावण्यात वाद होत, लीगच्या नोंदी ठेवणारा कोणी चिकाटीचा माणूस गावात असावा लागे. येथे हे सारे दफ्तर यंत्राच्या स्वाधीन झाले. ज्याच्या गावात दुसरा खेळाडूच नाही, त्याला मध्यरात्रीही दूरदेशीचा प्रतिस्पर्धी मिळू लागला. ज्या देशांत या मूर्ती दुकानात मिळत नाहीत, तेथील पुष्कळांनी ब्लड बोल प्रथम पाहिला तो पडद्यावरच, आणि मीही त्यांतलाच एक.

२०१५ चा ‘ब्लड बोल २’ हा मला सायनाइडच्या तिन्ही खेळांत सर्वांत सुजाण वाटतो. आरंभी त्यात आठच जाती होत्या आणि त्यावरून जुन्या मंडळींत नाराजी उसळली, ती अकारण होती असे नाही. परंतु नवागतासाठी जी कथामालिका त्यात रचली होती, ज्यात रीकलँड रीव्हर्स या एकेकाळच्या कीर्तिवंत आणि आता मोडकळीस आलेल्या संघाची सूत्रे आपल्या हाती येतात, तिच्यात नियम एकेक करून, सामन्यागणिक एखादाच, उलगडत जातो. प्रथम कोणी मरत नाही. मग मरू लागतात. हे अध्यापनाचे तंत्र आहे आणि ते रचणाऱ्याला विद्यार्थ्याची कणव होती. २०२३ च्या फेब्रुवारीत, वारंवार लांबणीवर पडल्यानंतर, ‘ब्लड बोल ३’ आला तेव्हा २०२० च्या नव्या नियमांवर आधारलेला हा खेळ सर्वांवर मात करील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सर्व्हरची जोडणी तुटे, दोष जागोजाग दिसत, आणि खेळ विकत घेतल्यावरही गड्यांचा पेहराव, शोभेच्या वस्तू यांसाठी खेळातील वॉरपस्टोन हे चलन पुन्हा पैसे मोजून घ्यावे, अशी मांडणी होती. दोष पुढे बऱ्याच अंशी दुरुस्त झाले. परंतु ज्या खेळाचे नियमपुस्तक एके काळी फुकट वाटले जात होते, त्याच्या दारावर असा जकातनाका उभारलेला पाहून जुन्या खेळाडूंना जे दुःख झाले ते पैशांचे नव्हते.

आता त्या न सांगता होणाऱ्या कामांकडे येतो. पहिले काम फाशावरील विश्वासाचे. पटावर फासा आपल्याच हाताने टाकला जातो. तो घरंगळतो, थांबतो, दोघेही वाकून पाहतात, आणि कवटी दिसली तरी दोष देण्यास आपल्या हातावाचून कोणी नसते. पडद्यावर फासा यंत्र टाकते, आणि त्याबरोबर संशय जन्माला येतो. तिन्ही आवृत्त्यांच्या खेळाडूंत हा आरोप अखंड ऐकू आला आहे की यंत्राचे फासे लबाड आहेत. गणित वेगळे सांगते. एका सामन्यात एखाद्याने दोन फाशांचे चाळीस मारे केले, तर त्यांत निदान एकदा दोन्ही कवट्या येण्याची शक्यता तिनांत दोहोंहून किंचित अधिक आहे. आणि रीरोल करूनही पुन्हा दोन्ही कवट्याच येण्याचा प्रसंग, जो आयुष्यात एकदाच यावा असे मनाला वाटते, तो दर बाराशे शहाण्णव माऱ्यांत सरासरीने एकदा, म्हणजे अशा बत्तीस सामन्यांत एकदा, येणारच. पटावर बत्तीस सामने खेळावयास दोन वर्षे लागत. पडद्यावर ते एका महिन्यात होतात. दैव बदलले नाही, त्याच्या भेटी वाढल्या. असे असूनही मी संशय घेणाऱ्यांना मूर्ख म्हणणार नाही, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या फाशावर बसणारा विश्वास आणि हिशेबाने पटवून घेतलेला विश्वास या दोन भिन्न वस्तू आहेत.

दुसरे काम हिंसेला आवर घालण्याचे. नियमांच्या २०२० पूर्वीच्या आवृत्तीत तीन कौशल्यांचा एक संगम प्रसिद्ध होता: नखे, जोरकस प्रहार, आणि पडलेल्यावर अंग टाकणे. त्याचा परिणाम आकड्यांत सांगतो. ड्वार्फाचे कवच फार जाड, ते सहांत एकदाच भेदले जाते. मारणाऱ्यापाशी नखे व प्रहार ही दोन्ही असतील तर तेच कवच छत्तिसांत एकवीस वेळा भेदले जाते, आणि अंग टाकून फासा पुन्हा टाकता आला तर जवळजवळ सहांत पाच वेळा. मित्रांच्या लीगमध्ये हे शस्त्र असून नसल्यासारखे होते, कारण ज्याचे चार गडी आज मारावयाचे त्याच्याच घरी पुढच्या आठवड्यात चहाला जावयाचे असते. कोणी अतिरेक केला तर चारचौघांत त्याला ऐकून घ्यावे लागे. पडद्यावरील खुल्या लीगमध्ये प्रतिस्पर्धी अनामिक, आणि पुन्हा गाठ पडण्याची शाश्वती नाही. तेथे केऑस व नर्गल या जातींचे संघ केवळ संहारासाठी वाढविले जाऊ लागले. चेंडूकडे पाहिलेही जाईना. मार खाणारा अर्ध्यावर सामना सोडून जाऊ लागला. आणि कोवळ्या संघांना तेथे थारा राहिला नाही. २०२० च्या नियमांत हा संगम मोडला गेला हे योग्यच झाले. तथापि मला असे दिसते की पटावर जी मर्यादा स्नेहाने पाळली जात होती, ती पडद्यावर नियमाने घालून देणे भाग पडले, आणि नियम स्नेहाइतका लवचीक असत नाही.

तिसरे काम प्रतिपक्षी होण्याचे, आणि येथे यंत्राचे दौर्बल्य आश्चर्यकारक आहे. बुद्धिबळात ज्याने जगज्जेत्याला हरविले ते यंत्र या दांडगाईच्या खेळात साधारण माणसापुढे का टिकत नाही? २०१९ साली काही संशोधकांनी ब्लड बोल हा कृत्रिम बुद्धिमत्तेपुढील आव्हान म्हणून मांडला तेव्हा त्यांनी कारण दाखवून दिले: एका पाळीत अकरा गडी, प्रत्येकाच्या अनेक चाली, त्यांचा क्रम, आणि मध्येमध्ये फासे, असे सर्व धरले तर एकाच पाळीच्या शक्यता एकावर पन्नास शून्ये एवढ्या भरतात, आणि गुण इतके क्वचित मिळतात की चुकतमाकत शिकणाऱ्या यंत्राला शिकण्याजोगे काही हातीच लागत नाही. त्यांनी भरविलेल्या बॉट बोल या स्पर्धेत पहिल्या वर्षी विजयी झाली ती माणसाने हाताने नियम लिहून दिलेली प्रणाली. २०२१ साली मात्र अनुकरण व स्वयंशिक्षण यांची सांगड घालणाऱ्या प्रणालीने ती स्पर्धा जिंकली. तिनेही आधी दुसऱ्याचा खेळ पाहूनच धडे घेतले होते.

सुदैवाने तिन्ही आवृत्त्यांत एक सोय कायम राहिली आहे, आणि तिची चर्चा समीक्षक फारशी करीत नाहीत: परिचितांपुरती खासगी लीग स्थापन करण्याची. ठराविक मंडळी, ठराविक वार, आपसांत ठरविलेले संकेत. मी ज्या लीगमध्ये आहे तिच्यात आम्ही आठ जण आहोत, त्यांतले दोघे परदेशी. बुधवारी रात्री दहाला सामना लागतो, दूरध्वनी कानाला असतो. यंत्राने फासे टाकले आणि दोन्ही कवट्या आल्या, की पलीकडचा क्षणभर गप्प राहतो, आणि मग ‘राहू दे रे, माझाही गेल्या वेळी असाच गेला’ असे म्हणून आपली पाळी सुरू करतो.